गावाचं नाव लावणारे कलाकार: त्यांचं गाव कोणतं धरायचं?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावच्या वाचनालयासाठी तुम्ही गावातल्या नाटक, सिनेमा, मालिका आणि गाणं या क्षेत्रांतल्या कलाकारांची यादी करताय. गाव शिरोडा. शिरोडकर नावाचे जेवढे कलाकार सापडले तेवढे यादीत घातलेत, आणि आता मंडळातल्या एकांनी हरकत घेतली आहे की यातले बरेच आपल्या गावचे नाहीतच. म्हणून तुम्ही विचारताय की गावावरून आलेलं आडनाव पुरावा धरायचं का, एकाच नावाचे कलाकार एकमेकांचे नातलग समजायचे का आणि शेवटी यादीत कोणाला ठेवायचं.

जुन्या तबकड्या, नाटकांच्या जाहिराती आणि तमाशाची हस्तपत्रकं यांची सूची करणं हे माझं काम. या कामात हा प्रश्न रोजचा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

हरकत घेणाऱ्यांचं बरोबर आहे, पण त्यांचा उपायही पुरा पडणार नाही. जन्म गावात झाला नसेल तर नाव काढून टाका, असं त्यांचं म्हणणं दिसतं. तसं केलंत तर यादी बरीचशी मुंबई, मिरज आणि पंढरपूरच्या प्रसूतिघरांची होईल. अमुक कलाकार अमुक गावचा असं आपण म्हणतो तेव्हा त्यात चार-पाच वेगळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात: जन्म कुठे झाला, लहानपण कुठे गेलं, पूर्वज कुठले, काम कुठे केलं आणि नावात कुठलं गाव आहे. कधी या सगळ्यांचं उत्तर एकच येतं. बहुतेकदा येत नाही. त्या वेगळ्या करून लिहिल्यात की वाद आपोआप कमी होतो.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधी सांगते. तुम्हाला वाचनालयाच्या भिंतीवर फलक लावायचा असेल तर निकष सैल चालेल, कारण तिथे अभिमान महत्त्वाचा. पुस्तिका छापणार असाल तर प्रत्येक नावापुढे कारण लागेल, कारण छापलेलं पुढची पन्नास वर्षं कोणीतरी उचलत राहतं. आणि सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवावी लागेल, जी तुमच्या प्रश्नात नाही: तुमचं शिरोडा कोणतं? एक शिरोडा वेंगुर्ला तालुक्यात आहे, जिथे १९३०चा मिठाचा सत्याग्रह झाला. दुसरं गोव्यात फोंडा तालुक्यात आहे, कामाक्षीच्या देवळाचं. शिरोडकर हे आडनाव दोन्हीकडून येऊ शकतं. कोकण-गोव्याच्या सीमेवरची घराणी इकडून तिकडे इतकी गेली-आलेली आहेत की घरच्या लोकांना कुलदैवत विचारल्याशिवाय कोणतं शिरोडा ते सांगता येत नाही.

ही अडचण एकट्या शिरोड्याची नाही. गायिका केसरबाई केरकर (१८९२ ते १९७७) या केरीच्या. पण गोव्यात केरी नावाची गावं तीन आहेत: एक फोंडा तालुक्यात, एक सत्तरीत चोर्ल्याच्या घाटाकडे आणि एक पेडण्यात समुद्रकाठी. केसरबाई फोंड्याच्या केरीच्या. तरी समुद्रकाठच्या केरीचं छायाचित्र छापून खाली केसरबाईंचं गाव असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. १९७७ साली अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत ज्या बाईंचा भैरवीचा आवाज आहे, त्यांच्या जन्मगावाचा तालुका तरी आपण नीट लिहायला हवा. खेडकर नाव दिसलं तर पुणे जिल्ह्यातलं खेड की रत्नागिरीतलं, हे विचारायला लागतं. अभिनेत्री सुलोचनादीदी लाटकर (१९२८ ते २०२३) या बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी तालुक्यातल्या खडकलाटच्या. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात नुसतं लाट नावाचंही गाव आहे. म्हणून माझा पहिला नियम: गावाचं नाव तालुक्याशिवाय लिहायचंच नाही.

यानंतर नाव कसं चिकटतं ते पाहू. कोकणात आणि गोव्यात गावावरून आलेलं आडनाव बहुधा वडिलोपार्जित असतं. त्यातही एक साधी गोष्ट लक्षात घ्या. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोणी हाक मारत नाही, तिथे सगळेच त्या गावचे. गाव सोडून दुसरीकडे गेलेल्याला ते नाव पडतं. त्यामुळे शिरोडकर असणं हा बहुतेक वेळा पूर्वजांनी केव्हातरी शिरोडा सोडल्याचा पुरावा असतो, ते आजही शिरोड्यात राहतात याचा नव्हे. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांचा जन्म १८९८ साली आळंदीचा. फुलंब्री पूर्वीच्या औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, तिथून त्यांचं घराणं आलेलं. विष्णू दिगंबर पलुसकर १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले. घराण्याचं मूळ आडनाव गाडगीळ आणि नाव लागलं ते सांगलीकडच्या पलूसचं. पुढे लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या या माणसाबरोबर पलूस उत्तर हिंदुस्थानभर गेलं.

दुसरा प्रकार आश्रयाचा. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचं नाव इचलकरंजीच्या दरबाराशी जोडलेलं आहे. संस्थानाच्या नोकरीत असलेला गवई त्या संस्थानाच्या नावाने ओळखला जाई. इथे गाव म्हणजे कामाची जागा. असं नाव कोणत्याही गावाच्या यादीत घालताना ‘आश्रयाचं गाव’ असं स्पष्ट म्हणा.

तिसरा प्रकार जवळच्या मोठ्या गावाचा. शांता हुबळीकर यांचं मूळ नाव राजम्मा, आणि जन्म हुबळीजवळच्या अदरगुंची या खेड्यातला. प्रभातच्या १९३९ सालच्या ‘माणूस’ने त्यांना घराघरांत नेलं ते हुबळीकर म्हणून. नाटक कंपनीच्या जाहिरातीत अदरगुंची लिहून पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला काय कळणार? म्हणून ओळखीचं शहर पुढे येतं आणि खेडं मागे राहतं. तुमच्या तालुक्यातल्या छोट्या वाड्यांतून गेलेले कलाकार असेच सावंतवाडीकर किंवा गोवेकर झालेले असू शकतात. ते तुमच्या आडनावाच्या शोधात कधीच सापडणार नाहीत. त्यासाठी वाडीतल्या वयस्कर माणसांनाच विचारावं लागेल.

चौथा प्रकार तमाशाचा. त्यावर थोडं थांबते, कारण देशावरच्या वाचकांना हाच जास्त माहीत असतो आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. तमाशाच्या फडात गाव हे मंचावरचं नाव असतं. यमुनाबाई वाईकर यांचा जन्म १९१५ साली महाबळेश्वर तालुक्यातल्या नुनेकलमे या गावातला, मूळ आडनाव जावळे. लावणी वाईच्या नावाने प्रसिद्ध झाली, १९७५ साली संगीत नाटक अकादमीचा आणि २०१२ साली पद्मश्री असे सन्मान याच नावाला मिळाले, आणि २०१८ साली वाईतच त्या गेल्या. त्यांना वाईच्या यादीतून काढायचं कोण म्हणेल? विठाबाई नारायणगावकर १९३५ साली पंढरपुरात जन्मल्या, कारण फड फिरता होता. नारायणगाव जुन्नर तालुक्यातलं, वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या फडाच्या नावातलं. आजही यात्रांच्या हंगामात नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला, म्हणजे खेळ ठरवायला, तिथे येतात. त्या नावाला धंद्यात वजन होतं आणि आहे.

फडाचं हस्तपत्रक हातात घेऊन पाहा. वर यात्रेचं आणि देवाचं नाव, मधोमध सगळ्यात ठळक टाइपात फडमालकाचं किंवा मालकिणीचं नाव, त्याला जोडून ‘सह’ आणि दुसरं ठळक नाव, खाली ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ आणि त्याखाली वगाचं, म्हणजे तमाशातल्या नाट्याचं नाव. हे ‘सह’ फार महत्त्वाचं आहे. रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर असं वाचणाऱ्याला वाटतं, दोन गावांचे दोन कलाकार एकत्र आलेत. ते मायलेक. वडील तुकाराम खेडकर, म्हणून मुलगा खेडकर. आईने स्वतःच्या नावावर सातारकर म्हणून लौकिक मिळवला तो शेवटपर्यंत तसाच राहिला. कांताबाईंचा जन्म गुजरातमधला, लहानपण साताऱ्यातलं आणि २०२१ साली त्या गेल्या संगमनेरला. एका घरात दोन गावांची नावं आणि प्रत्यक्ष आयुष्य तिसऱ्या-चौथ्या गावात. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांच्या नावापुढेही नारायणगाव नाही. तेव्हा नारायणगावच्या यादीत फक्त नारायणगावकर शोधणाऱ्याच्या हातून मंगलाताई सुटणार.

मराठी मुलखाबाहेर याच रिवाजाचा उपयोग लोकांनी माणसं वेगळी ओळखायला केला आहे. जोहराबाई आग्रेवाली १९१३ साली वारल्या. त्या ख्याल-ठुमरीच्या जुन्या पिढीच्या गायिका. जोहराबाई अंबालेवाली १९४४च्या ‘रतन’ सिनेमात गायल्या. नाव एकच, म्हणून शहर जोडलं. जुन्या तबकड्यांच्या सूचीत नुसतं जोहराबाई लिहिलं तर दोघींची गाणी एकमेकींच्या नावावर जातात. हे वाचायला क्षुल्लक वाटेल, पण एका चांगल्या गायिकेचं गाणं दुसरीच्या नावावर गेलं की ते परत आणायला फार कष्ट पडतात.

पाचवा प्रकार लग्नाचा, आणि तुमच्या यादीला हा सगळ्यात जास्त लागू आहे. मीनाक्षी शिरोडकर या नावाशिवाय शिरोडकर कलाकारांची यादी होऊच शकत नाही. मास्टर विनायक यांच्या १९३८ सालच्या ‘ब्रह्मचारी’मधल्या त्यांच्या पोहण्याच्या पोशाखातल्या प्रसंगाची चर्चा आजही होते. पण त्यांचं माहेरचं नाव रतन पेडणेकर. शिरोडकर हे लग्नानंतरचं. म्हणजे नावावरूनच जायचं तर माहेराने त्या पेडण्याकडे जातात आणि सासरने शिरोड्याकडे. त्यांच्या नाती नम्रता आणि शिल्पा जन्माने शिरोडकर, पण त्यांची कारकीर्द मुंबईच्या हिंदी सिनेमातली. तिघींना एकाच ओळीत शिरोड्याच्या कलाकार म्हणून लिहिणं बरोबर नाही. तिघींपुढे वेगवेगळं कारण लिहावं लागेल. किशोरी आमोणकरांचंही तसंच. आमोणे गोव्यात आहे, पण ते सासरचं नाव. जन्म मुंबईचा. आई मोगूबाई कुर्डीकर सांगे तालुक्यातल्या कुर्डीच्या. किशोरीताईंना आमोण्याच्या यादीत घालणाऱ्यांनी कुर्डीचा उल्लेख तरी करावा. सुप्रिया पिळगावकर माहेरच्या सबनीस. त्यांचे पती सचिन यांचं घराणं पिळगावचं, जन्म मुंबईचा.

याच ओघात पडद्यासाठी घेतलेल्या नावांचं सांगते. हंसा वाडकर यांचं मूळ नाव रतन साळगावकर. दोन्ही नावं गावावरूनच आलेली. सिनेमासाठी त्यांनी जे निवडलं ते पुढे जगभर झालं. कोल्हापूरच्या सुरेश वाडकरांशी त्यांचं नाव सारखं आहे म्हणून घराणं एक असं कुठे लिहू नका. तसं लिहायला कागद लागतो, आणि आडनाव हा कागद नव्हे.

आता नात्याकडे वळते, कारण तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हाच. एकाच गावाचं नाव लावणारे कलाकार नातलग असतात असं धरणं चूक आहे, आणि वेगळं नाव लावणारे परके असतात असं धरणं त्याहून मोठी चूक आहे. कर्नाटकी हे नाव घ्या. मास्टर विनायक कर्नाटकी कोल्हापूरचे, अभिनेत्री नंदा यांचे वडील. त्यांचे बंधू वासुदेव कर्नाटकी छायालेखक. दुसरीकडे अमीरबाई कर्नाटकी विजापूरकडच्या बिळगीच्या, १९४३च्या ‘किस्मत’मधल्या गाण्यांनी देशभर पोचलेल्या, आणि त्यांची बहीण गोहरबाई कर्नाटकी बालगंधर्वांच्या नाटकांत काम करणारी. काळ एकच, सिनेमाची दुनिया एकच, नाव एकच, तरी ही दोन घरं वेगळी. याउलट बाबूराव पेंढारकर हे मास्टर विनायक यांचे सावत्र भाऊ. आडनावाच्या अनुक्रमणिकेत हे दोघे कितीतरी पानं लांब येतील.

पेंढारकरांचा तिढा तर याहून अवघड. भालचंद्र गोपाळ पेंढारकर म्हणजे भालजी, सिनेदिग्दर्शक, १९९४ साली गेले. भालचंद्र पेंढारकर म्हणजे ललितकलादर्श या नाटक मंडळीचे अण्णा, गायक-नट, बापूराव पेंढारकरांचे चिरंजीव, २०१५ साली गेले. दोघांचं नाव आणि आडनाव दोन्ही सारखं. नाटकाच्या जुन्या जाहिरातीत नुसतं ‘भालचंद्र पेंढारकर’ दिसलं की मी आधी संस्था कोणती ते बघते, मग साल, मग पद गायल्याचा उल्लेख आहे का ते. तीनही जुळल्याशिवाय नोंद करत नाही.

बडोदेकरांचं घर मात्र उलट्या बाजूचं उदाहरण आहे. हिराबाई बडोदेकर १९०५ साली मिरजेत जन्मल्या. आई ताराबाई बडोद्याच्या, वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ. आईवडील १९२२ साली वेगळे झाले. मुलं आईकडे राहिली. त्यांतले सुरेशबाबू माने, हिराबाई आणि कमलाबाई बडोदेकर, सरस्वतीबाई राणे ही सख्खी भावंडं आहेत. तीन आडनावं, एक स्वयंपाकघर. त्यातल्या दोघी बहिणींच्या नावातलं बडोदा हे आईचं गाव आहे. तबकडीच्या लेबलावर हे काहीच नसतं. मधल्या छिद्राभोवती वर कंपनीचं चित्र, खाली गायिकेचं नाव इंग्रजी अक्षरांत, कधी बडोदेकर तर कधी बरोडेकर, मग रागाचं नाव आणि एका बाजूला क्रमांक. तेवढ्यावरून ‘बडोद्याची गायिका’ अशी नोंद करणाऱ्या सूच्या आहेत. मिरजेचं नाव त्यात कुठेच येत नाही.

मंगेशकरांबद्दल सगळ्यांना माहीत असतं, तरी यादी करताना तिथेही घसरतात. दीनानाथ १९०० साली मंगेशीत जन्मले, आणि मंगेशकर हे नाव त्यांनी गावावरून घेतलं. लतादीदींचा जन्म १९२९ सालचा, इंदूरचा. मग मंगेशीच्या यादीत लतादीदी येतात का? माझ्या मते येतात, कारण ते नाव वडिलांनी गाव सांगण्यासाठीच धरलं आणि पुढच्या पिढीने ते आयुष्यभर मिरवलं. पण आडनावाने शोधलंत तर आशा भोसले आणि मीना खडीकर सुटतात. आणि पंडित जितेंद्र अभिषेकी, जे प्रत्यक्ष मंगेशीतच जन्मले, त्यांच्या नावात मंगेशी नाही, देवळातल्या अभिषेकाचा मान आहे. आडनावावर विसंबलेली मंगेशीची यादी त्यांच्याशिवाय छापली गेली तर काय म्हणायचं?

आतापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर: गावाचं नाव वाचून तालुका ठरत नाही, जन्म ठरत नाही आणि नातं ठरत नाही. कुठे चौकशी करायची एवढं मात्र ते सांगतं.

आता एक गोष्ट जरा आग्रहाने लिहिते. गोव्याच्या आणि दक्षिण कोकणच्या अनेक थोर गायिका आणि अभिनेत्री कलावंत समाजातल्या, म्हणजे देवळांच्या सेवेत पिढ्यान्‌पिढ्या गाणं-नाच सांभाळणाऱ्या समाजातल्या घरांतून आल्या. त्या घरांत वंश आईकडून सांगायची रीत होती. नावापुढे बाई आणि मागे गाव, एवढंच नाव पुरे मानलं जाई: अंजनीबाई मालपेकर, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर. हिराबाई पेडणेकर यांनी तर याच नावाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी रंगभूमीसाठी नाटकं लिहिली. अशा नावांपुढे ‘वडिलांचे नाव उपलब्ध नाही’ असं छापू नका आणि कंसात प्रश्नचिन्ह तर मुळीच नको. उत्साही संशोधक वडिलांचा शोध घेत सुटतात आणि ऐकीव नावं छापून मोकळे होतात. त्या बायकांनी स्वतःला जे नाव दिलं, ज्या नावाने मैफली केल्या आणि सरकारी सन्मान घेतले, तेच पूर्ण नाव आहे. त्यात गाव आहे, आणि गावाने त्यांचे आभार मानले पाहिजेत. आईचं नाव माहीत असेल तर जरूर लिहा. मोगूबाईंना गाण्याकडे वळवणाऱ्या त्यांच्या आई जयश्रीबाई होत्या, हे लिहिल्याशिवाय मोगूबाईंची नोंद अपुरी आहे.

कुर्डीचं आणखी एक. ते गाव साळावलीच्या धरणाखाली गेलं. लोकांचं पुनर्वसन वाडे आणि वालकिणी इथे झालं. उन्हाळ्यात, मे महिन्यात पाणी उतरलं की जुन्या गावाचे अवशेष वर येतात आणि लोक देवळापाशी जमतात. मोगूबाईंचं गाव म्हणून नकाशावर बोट कुठे ठेवायचं? मी जुन्या गावाचं नाव, तालुका आणि ‘धरणक्षेत्रात गेलेलं’ असं तिन्ही लिहिते. तुमच्याकडेही वाड्या उठलेल्या, नावं बदललेली, गोव्याच्या बाबतीत पोर्तुगीज कागदांत केरीचं क्वेरिम आणि पेडण्याचं पेर्नेम झालेलं असं सापडेल. जुनं नाव आणि आजचं नाव दोन्ही नोंदवा.

गाण्याच्या घराण्यांची नावंही गावांचीच असतात, त्याने गोंधळून जाऊ नका. केसरबाई आणि मोगूबाई जयपूर-अत्रौलीच्या गायिका आणि हिराबाई किराण्याच्या, हे शिक्षणाबद्दल आहे. त्यांचा जन्म किंवा घर जयपूर-किराण्याशी जोडू नका.

पुरावा कुठून आणायचा, तर माझा क्रम असा असतो. कलाकाराने स्वतः सांगितलेलं पहिलं: आत्मचरित्र, मुलाखत, ध्वनिमुद्रण. त्यानंतर घरच्यांनी दिलेला कागद, शाळेचा दाखला किंवा सन्मानपत्र. मग त्या काळातला छापील मजकूर: नाटकाची जाहिरात, सिनेमाची गाण्यांची पुस्तिका, आकाशवाणीच्या ‘द इंडियन लिसनर’सारख्या नियतकालिकातली कार्यक्रमांची नोंद. त्या काळच्या कागदात नाव कसं लावत होते हे कळतं, जन्म कळत नाही, हे ध्यानात ठेवा. मृत्यूनंतरचे लेख त्याच्याही नंतर, कारण ते घाईत लिहिलेले असतात आणि एकमेकांवरून उतरवलेले असतात. इंटरनेटवरची माहिती सगळ्यात शेवटी, आणि तीही दुसऱ्या कागदाशी पडताळून. गावातल्या जाणत्या माणसाचं सांगणं मी मुद्दाम या क्रमात घातलेलं नाही. ते कोणत्याही पायरीवर उपयोगी पडतं, फक्त कोणी सांगितलं आणि केव्हा सांगितलं ते वहीत टिपून ठेवा.

यादीची मांडणी मी अशी करीन. वर्णानुक्रम सोडा. पहिल्या भागात गावात जन्मलेले किंवा वाढलेले, त्यांचं आडनाव काही असो. दुसऱ्या भागात बाहेरून येऊन गावात राहिलेले, काम केलेले. वेंगुर्ल्याचं शिरोडा असेल तर इथे वि. स. खांडेकर आलेच. ते नट किंवा गायक नव्हते, पण १९२० ते १९३८ ते शिरोड्यात शिक्षक होते आणि त्याच काळात, १९३६ साली, मास्टर विनायक यांच्या ‘छाया’ची कथा त्यांनी लिहिली. सिनेमाशी तुमच्या गावाचा सगळ्यात जवळचा धागा शिरोडकर नसलेल्या माणसाचा आहे, हे वाचनालयात येणाऱ्या मुलांना कळायला हवं. तिसऱ्या भागात गावाचं नाव लावणारे, आणि प्रत्येकापुढे एक ओळ: घराणं गावचं, सासर गावचं, किंवा नावाखेरीज संबंध सापडलेला नाही. हा तिसरा भाग काढून टाकू नका असं मी म्हणेन. ज्या माणसाने तुमच्या गावाचं नाव हजारो श्रोत्यांपुढे उच्चारलं जाईल अशी कारकीर्द केली, त्याला दारातून परत पाठवू नये. फक्त त्याला चुकीच्या भागात बसवू नका.

हयात कलाकारांबद्दल एकच. मालिकांत आणि सिनेमांत आज काम करणाऱ्यांना सरळ विचारा. सविता मालपेकर मालपेच्या का, भूमी पेडणेकर पेडण्याच्या का, असले अंदाज बांधत बसू नका. मुंबईत वाढलेल्या कलाकाराला गावाहून आलेलं पत्र आवडतं असाच माझा अनुभव आहे. वाचनालयाच्या लेटरहेडवर लिहा, आडनावाचं गाव कोणतं, कुलदैवत कोणतं आणि नाव छापायला हरकत आहे का, एवढे तीनच प्रश्न. घराचा पत्ता, मुलांची नावं, जन्मतारीख यातलं काही मागू नका आणि चुकून कळलं तरी छापू नका. उत्तर आलं नाही तर त्या नावापुढचा रकाना मोकळा ठेवा. मंडळातलं कोणीतरी तो अंदाजाने भरायला निघेलच, त्याला थांबवा.

कच्ची यादी तयार झाली की मोठ्या टाइपात छापून आठवडाभर वाचनालयाच्या दाराशी लावा, शेजारी वही आणि पेन ठेवा. तुमच्या मंडळातल्या हरकत घेणाऱ्या गृहस्थांनाच ती वही सांभाळायला सांगा.